निमित्त आणि उपादान : कर्मवीर भाऊरावांची घडण

माणसाच्या घडणीचा विचार जैन दर्शनाने निमित्त आणि उपादान या दोन शब्दांत केला आहे. बीज कसदार हवे, तसे पाऊसपाणीही हवे. घर, सहवास, पाठशाळा, डोळ्यांसमोर वावरणारी माणसे ही सारी निमित्ते होत. गेल्या शतकात आपल्या समाजाने गावोगावी बोर्डिंगे काढली ती याच श्रद्धेने. बीड जिल्ह्यात कड्याच्या अमोलक जैन संस्थेचे नाव घेतले की हे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु मूल काय पाहते आणि त्यातून काय उचलते, हे चालकांच्या हाती नसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या वेळचे कोल्हापूर ही स्वतःच एक पाठशाळा होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली, १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांचे मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले.

त्या बोर्डिंगच्या उद्घाटनास भाऊराव गेले होते. परतल्यावर, स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. कर्मवीरांचा गौरव करताना ही हकीकत सोयीस्करपणे गाळली जाते. ती गाळू नये. ते बोर्डिंग आपलेच होते आणि तो नियमही त्या काळच्या आपल्याच कुलाचाराला धरून होता. एकाच पंगतीत वाढलेल्या मुलांपैकी एकाला तो नियम मोडावासा वाटला. निमित्त सर्वांना एक, उपादान मात्र ज्याचे त्याचे.

पुढे महाराजांच्या निकट सहवासात त्यांनी बरेच पाहिले. मात्र जसेच्या तसे उचलले नाही. महाराजांची वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. भाऊरावांनी १९१० साली सहकाऱ्यांसह दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, हातांनी कामे करीत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले.

या बोर्डिंगातील सर्वांत मोठे परिवर्तन विद्यार्थ्यांचे नव्हे, तर लक्ष्मीबाईंचे म्हणावे लागेल. कर्मवीरांच्या या पत्नी जुन्या वळणाच्या घराण्यातल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या. त्यांना कोणी व्याख्याने देऊन पटविले नाही. पतीचे वागणे त्या रोज पाहत होत्या. साऱ्या जातींची मुले त्यांनी पोटच्या लेकरांसारखी सांभाळली. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही त्यांनी मुलांसाठी मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

ही परंपरा आपल्या जिल्ह्यालाही परकी नाही. १९८५ साली भारतीय जैन संघटना स्थापन करणारे शांतिलाल मुथ्था हे बीड जिल्ह्याचेच सुपुत्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. बोर्डिंगाचे दार या वेळी उघडले ते जैनेतर मुलांसाठी.