लुगड्याच्या मापाची गोधडी

गोधडीचे माप लुगड्यावरून ठरते. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट लांब आणि अंदाजे 4 फूट रुंद कापड. त्याची चौघडी केली की पावणेसात फुटांचा, चार थरांचा, माणूस पाय पसरून झोपेल एवढा तुकडा कात्री न लावता तयार होतो. दोन लुगड्यांची गोधडी आठ थरांची. सहावारी आली आणि हे गणित बिघडले. तिच्या तीन घड्या सहा फुटांच्या भरतात, थर तीनच पडतात आणि उंच माणसाचे पाय उघडे राहतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचा मुलूख कापसाचा. तरी घरच्या पांघरुणात कापूस न भरता जुनेर का? कापूस हे रोखीचे पीक होते. याच जिल्ह्यात जलंबहून खामगावला 1870 साली रेल्वेचा फाटा नेला तो तिथल्या कापूस-बाजारासाठी. दारी आलेला कापूस गाडीत भरून बाजाराला जाई; तो पांघरुणात कोंबणे म्हणजे पैसे कोंबणे. शिवाय गादीतला कापूस गोळा होतो, ती उसवून पिंजून घ्यावी लागते. जुनेराला ना बाजारभाव, ना पिंजाऱ्याची मजुरी.

कापड गोधडीत येण्याआधी त्याचे बरेच आयुष्य संपलेले असते. लुगडे बसण्याच्या जागी विरले की तो भाग काढून, दंड घालून ते पुन्हा नेसायचे. तेही सरले की बाळाची दुपटी, मग गोधडी, आणि गोधडीही फाटली की पोतेरे. हा क्रम नुसत्या गरिबीचा मानणे चूक आहे. वारंवार धुतलेले सुती कापड आटायचे तेवढे आटून गेलेले असते. कोऱ्या आणि जुन्या कापडाचे थर एकत्र शिवले, तर पहिल्याच धुण्यात कोरे आखडते आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात. म्हणून कोरे वापरायचेच असेल तर आधी दोनदा भिजवून वाळवावे. विरलेला भाग मधल्या थरात, धड भाग वर. काठांची वीण घट्ट, म्हणून ते कापून कडेच्या पट्टीला.

ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवा सुती धाग्यापेक्षा उष्णता कमी वाहते. इथे टाक्यांचा पेच सुरू होतो. धावदोऱ्याच्या ओळी जवळ घेतल्या तर थर घट्ट धरले जातात आणि गोधडी टिकते, पण हवेला जागा उरत नाही. दूर घेतल्या तर ऊब वाढते, आणि धुताना आतले विरलेले कापड गोळा होते. विरलेल्या जुनेराला जवळची ओळच हवी, असे माझे मत. कडेने सुरू करून आत आत चौकोन घेत जाण्याच्या पद्धतीत चार बायका चार बाजूंनी एकाच वेळी शिवू शकतात. तिचा दोष एवढाच की सैल कापड मध्याकडे ढकलले जाते आणि तिथे फुगा येतो. आधी जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर दगड ठेवून लांब कच्चे टाके घातले की तो टळतो.

धुण्याच्या बाबतीत लोणारची गोष्ट वेगळी. तिथल्या सरोवराचे पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेले. साबण आणि काच करण्याचे द्रव्य इथे मिळते, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. सुती धाग्याला असा क्षार सोसतो, रेशीम आणि लोकर त्याने खराब होतात. म्हणून रेशमी काठाचे लुगडे गोधडीत घालून ती सोड्याने धुऊ नये. आता सरोवर अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही. त्यामुळे सोडा किराणा दुकानातून आणायचा. गोधडी उन्हात घालताना घडी मोडून, दोन्ही बाजू उलटून घालावी. ढेकूण शिवणीत दडतात आणि घडीच्या आत ऊन पोचत नाही.

खरी अडचण सिंथेटिक साड्यांची. सुती धागा हवेतून आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. अंगाला लागणारा थर पॉलिस्टरचा असला तर घाम तसाच राहतो. मात्र जमिनीकडच्या बाजूला एक सिंथेटिक थर घातला, तर तो थर फरशीची ओल फारशी धरत नाही. कापड निसरडे असल्याने तिथे ओळी अधिक जवळ घ्याव्यात.

आता मजुरी. पावणेसात फूट बाय चार फुटांच्या गोधडीत दोन ओळींमध्ये 2 सेंटिमीटर सोडले, तर शिवणीची एकूण लांबी सुमारे 125 मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर साडेबारा हजार टाके, आणि मिनिटाला दहा टाके धरले तर जवळपास 21 तास. अंतर 1 सेंटिमीटर केले की हे सारे दुप्पट. कापड फुकटचे म्हणून हातशिवणीची गोधडी स्वस्त मागणाऱ्याने आधी दोन ओळींमधले अंतर मोजावे आणि मग भाव करावा.