गाणे कागदावर कसे उतरले

मंडळी, आमच्या सोनईचा तालुका नेवासे. तेथे ज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. सांगणारा थोर खराच. पण लिहून घेणारा नसता तर आज पारायणाला पोथी कुठून आली असती? आपल्या गाण्याच्या वाट्याला असा लिहून घेणारा फार उशिरा आला.

तुम्ही म्हणाल, पदांचे शब्द वह्यांतून होतेच की! होते, पण नुसते शब्द म्हणजे गाणे नव्हे. स्वर कोणता, तो किती मात्रा थांबला, सम कोणत्या अक्षरावर आली, हे सारे गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जायचे. गुरू गेला आणि शिष्य नसला, की चीजही गेली.

बडोद्यास सयाजीरावमहाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये निघाली आणि त्यांनी स्वरलेखनाची एक रीत बसवली. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि विद्यार्थ्यांसाठी आपली लिपी तयार केली. तिसरे विष्णु नारायण भातखंडे. हे मुंबईचे, जन्म १८६० चा, व्यवसायाने वकील. गावोगाव हिंडून, कलावंतांची मने वळवून त्यांनी चिजा जमवल्या. त्यांच्या मराठी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेंहून अधिक चिजा आहेत.

त्यांची लिपी सोपी. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. पण खरी करामत खुणांत नाही, मांडणीत आहे. एकाच रागात स्वरमालिका, लक्षणगीत, ख्याल, ध्रुपद, धमार, तराणा अशा अनेक चिजा. त्रितालाच्या मात्रा १६, चौतालाच्या १२, धमाराच्या १४. सगळे सलग लिहिले तर शिकणारा गोंधळणारच. म्हणून प्रत्येक चिजेला स्वतंत्र मथळा : राग, ताल, लय. त्याखाली स्थायी, मग अंतरा. ध्रुपदाला संचारी आणि आभोगही. त्रितालात मुखडा नवव्या मात्रेवरून उठत असेल तर ओळही तेथूनच सुरू. फुल्या मात्र सर्व ओळींत एकाखाली एक. डोळ्याला सम सापडली, की गळ्यालाही सापडते.

आज हेच काम संगणकावर करता येते. ‘म्यूझस्कोर’ नावाचे साधन फुकट मिळते. ते पाश्चात्त्य स्वरलिपीसाठी केलेले. पण अनेक भागांची रचना लिहिताना तेथेही हाच विवेक लागतो. एक भाग संपला, की तेथे ‘सेक्शन ब्रेक’ घालायचा. म्हणजे पुढच्या भागाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्याचे नाव, ताल आणि लय मात्र आपणच नव्याने सांगायची. यंत्र आपल्या मनातला क्रम ओळखत नाही.

आता शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. आपल्या गावातल्या भजनालाही असाच क्रम असतो. आधी नामाचा गजर, मग रूपाचे अभंग, मध्ये गवळण, शेवटी भैरवी. प्रत्येकाची चाल निराळी, ठेका निराळा. त्यांतल्या कित्येक जुन्या चाली एखाद्या म्हाताऱ्या बुवांच्याच गळ्यात उरलेल्या असतात. ते आहेत तोवर शाळेच्या वहीत त्या उतरवून घ्या. प्रत्येक पदावर ठेका, लय आणि गाणाऱ्याचे नाव लिहा. लिपी कोणाची तेही वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा. कारण पलुसकरांच्या लिपीत स्वरावरचे टिंब मंद्राचे असते, भातखंड्यांच्या लिपीत ते तार सप्तकाचे!

कागदावर गळ्यातली सगळी फिरत येत नाही, हे कबूल. मींड, आंदोलन, शब्दाचा लडिवाळपणा गुरूपाशीच शिकावा लागतो. पण चालीचा सांगाडा राहिला, तर पुढचा गवई त्यात प्राण भरील. सांगाडाच गेला, तर भरणार कशात?