पद्मिनी नव्हे, डिलाइट

बेळगावच्या आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं एक गाडी उभी होती. घरात सगळे तिला ‘पद्मिनी’ म्हणत. मामंजी गेल्यावर शेड मोकळी करायची ठरली. भंगारवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारली, वजनाचा अंदाज घेऊन गेला. त्याच संध्याकाळी मामंजींच्या कपाटात, पंचांगांच्या चळतीखाली गाडीचं आरसी बुक सापडलं. त्यावर साल होतं 1967 आणि राज्य ‘म्हैसूर’.

मी ते दोनदा वाचलं. म्हैसूर ठीक आहे. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते 1 नोव्हेंबर 1973 ला. पण 1967 ची गाडी पद्मिनी कशी असेल? ते नाव तर 1974 चं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही तिला दुसरीच्याच नावानं हाक मारत होतो! मग हिचं खरं नाव काय, या एका प्रश्नानं भंगाराचा व्यवहार थांबला. आणि शोधता शोधता मी पोचले थेट सोलापूरला, आपल्याच समाजातल्या एका घरात.

सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी हे दिगंबर जैन समाजातले सुधारक. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनी काढलं, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक असेल. त्यांचे चिरंजीव वालचंद, जन्म 1882 चा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा, पण वालचंदांचं मन त्यात रमेना. ते रेल्वेच्या कंत्राटात शिरले. पुढं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतलं. 5 एप्रिल 1919 ला ते मुंबईहून लंडनला निघालं. सिंदिया कंपनीचं नाव पडलं ते त्या महाराजांवरून.

मोटारीचा कारखाना हे वालचंदांचं जुनं स्वप्न. भारतात मोटार बनावी अशी योजना सर विश्वेश्वरय्यांनी 1930 च्या दशकातच मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली, अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. पण महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारनं काही साथ दिली नाही. गंमत अशी, की त्याच धावपळीत विमानाच्या कारखान्याचा विषय निघाला आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटार मागं राहिली, विमान पुढं गेलं. शेवटी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन घाटाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यानंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद 1953 मध्ये गेले. त्यांच्या कारखान्यातली छोटी फियाट घरोघरी पोचली ती त्यांच्यामागं.

याच सुमारास सरकारनं ठरवलं, की इथं सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच गाड्या काढाव्यात. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या. 1928 पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनंही गाशा गुंडाळला. राहिल्या मोजक्या कंपन्या. म्हणून तर गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मामंजींच्या तोंडी ‘नंबर लागला’ हे शब्द मुलीचं लग्न ठरल्यासारखे येत!

आता गाडीच्या नावांचं सांगते. पहिल्या गोलमटोल फियाट 1100 ला लोकांनी नाव दिलं ‘डुक्कर फियाट’. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. 1964 साली आली फियाट 1100 डिलाइट. 1972 मध्ये तीच झाली प्रीमियर प्रेसिडेंट, आणि 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी. अंगबांधा बराचसा तोच, इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. पुढं सलग बाक, म्हणून एका मुलाला मध्ये कोंबता यायचं. तर आमची ही डिलाइट. 1974 नंतर रस्तोरस्ती पद्मिनी दिसू लागली, तसं घरातलं नावही नकळत बदललं असणार.

हे मला सगळं एकटीला कुठलं कळायला? कोल्हापूरचे एक निवृत्त बँक अधिकारी, हुबळीचे एक दातांचे डॉक्टर आणि म्हापशाचा एक गॅरेजवाला अशी तीन जुन्या फियाटची वेडी माणसं भाऊजींच्या ओळखीतून जोडली गेली. बँकवाल्या काकांनी पहिल्याच फोनवर बजावलं, “वहिनी, चावी फिरवू नका. चारी प्लग काढा, सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडा, आठवडाभर थांबा आणि मग हातानं इंजिन फिरवून बघा.” बावीस वर्षं बसलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला असता तर चिकटलेल्या रिंगांनी सिलेंडर खरवडून निघाला असता.

मीही एक चूक केली. शेड झाडताना गंजक्या पट्ट्यांचा एक डबा भंगारात देऊन टाकला. त्यात पुढच्या जाळीची पट्टी आणि नावाची अक्षरं होती. काका काही रागावले नाहीत. पंधरा दिवसांनी एसटीच्या पार्सलनं त्यांच्याकडची जादा पट्टी आली, पैसे घेतले नाहीत. म्हापशाहून ब्रेकचे रबर आले. इंजिनाचं काम मात्र इथंच झालं. बेळगावात फाउंड्री आणि लेथची कमी नाही. क्रँकशाफ्ट ग्राइंड करणाऱ्या मेस्त्रींनी ती हातात घेतली आणि म्हणाले, “असली शाफ्ट मी शिकाऊ असताना केली होती.” खालचा पत्रा दोन ठिकाणी कापून नवा जोडावा लागला. पेट्रोलची नळी बदलली, कारण आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढं जुनं रबर टिकत नाही.

सुटे भाग मिळत ते बहुतेक मुंबईच्या मोडीत निघालेल्या पद्मिनी टॅक्सींचे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. एक गाडी मोडते तेव्हा दुसऱ्या चार चालतात, हा या मंडळींचा अनुभव. आता मोडायलाही उरल्या नाहीत, म्हणून एकमेकांना धरून राहणं आलं.

सरकारनं 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नवी नोंदणी 20,000 रुपये, पुढं नूतनीकरण 5,000, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे ऐकून भाऊजींचे डोळे भरले.

पण खरा प्रश्न सासूबाईंनी विचारला. “वापरायची नाही, नुसती ठेवायची. मग हा परिग्रह नव्हे का गं?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लोखंडाचा मोह हाही मोहच. मी म्हटलं, “आई, नवं देऊळ बांधण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार मोठा, असं तुम्हीच सांगता. गाडी काही देऊळ नव्हे, हे कळतं मला. पण ती आपल्याकडे कशी आली ते कुणी तरी सांगायला हवं ना?” त्या गप्प बसल्या. मग 1981 ची गोष्ट सांगायला लागल्या. श्रवणबेळगोळच्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाला सात जण याच गाडीतून गेले होते. उकळलेल्या पाण्याची कळशी पायाशी. सूर्य कलला की मामंजी झाडाखाली गाडी लावायचे आणि सासूबाई बॉनेटवर फडकं अंथरून सगळ्यांची पानं वाढायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली माझ्या, पण हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

वालचंदांचं नाव आपण सभांमधून अभिमानानं घेतो, घ्यावंच. पण एका कारखान्याचा इतिहास लेथवरच्या मेस्त्रीच्या हातात असतो, एसटीनं पट्टी धाडणाऱ्या काकांकडे असतो, आणि बॉनेटवर ताट वाढणाऱ्या बाईकडेही असतो. यातलं शेवटचं तर कुठल्याच आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

परवा डिलाइट गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. सासूबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, “पद्मिनी बरी चालते हं अजून.” मी काही दुरुस्ती केली नाही. त्यांच्यापुरतं तेच नाव खरं.

तुमच्याही घरात असं एखादं कपाट असेल, एखादी शेड असेल. भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी कागद बघा. आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर कागदाच्या आधी त्याला विचारा.