यूएसबी चार्जर : विद्युत क्षमता आणि निवड

यूएसबी चार्जर : घरातल्या सॉकेटमधील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तिचे कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करणारे आणि ती यूएसबी पोर्टमधून मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप, इअरबड्स, ट्रिमर अशा उपकरणांना पुरवणारे साधन. बॅटरी किती वेगाने भरायची आणि कुठे थांबायचे हे ठरवणारे मंडल चार्जरमध्ये नसते, ते फोनमध्ये असते. चार्जरने ठरलेल्या दाबाची वीज उपलब्ध ठेवायची, एवढेच त्याचे काम. त्यामुळे खोक्यावर ठळक छापलेला ६५ किंवा १२० वॅट हा आकडा कमाल क्षमतेचा असतो. फोनमध्ये तेवढी वीज जाईलच असे नाही. प्रत्यक्ष वेग दोन गोष्टींवर ठरतो : चार्जर, केबल आणि उपकरण यांपैकी सर्वांत कमी क्षमतेचे कोण, आणि या तिघांना एकच पद्धत समजते की नाही. खरेदीतली बरीचशी फसगत दुसरी गोष्ट न पाहिल्याने होते.

रचना व कार्य : जुन्या कॅसेट प्लेअरबरोबर मिळणारा ॲडॉप्टर जड असे, कारण त्यात ५० हर्ट्झवर चालणारे लोखंडी गाभ्याचे रोहित्र असे. आजच्या चार्जरमध्ये आलेली वीज आधी एकदिश केली जाते. त्या वेळी तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मग एक ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद करतो. वारंवारता इतकी वाढल्यामुळे लहानसे रोहित्र पुरते. हेच रोहित्र घरातील वीज आणि आपल्या हातातील फोन यांना एकमेकांपासून विलग ठेवते, म्हणून चार्जरचा दर्जा मुख्यतः तिथेच ठरतो.

ट्रान्झिस्टर सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइडचा असेल तर चालू-बंद होताना कमी ऊर्जा वाया जाते, वारंवारता आणखी वाढवता येते आणि चार्जर लहान करता येतो. 'गॅन' चार्जर म्हणून २०१८ नंतर बाजारात रुळले ते हे. गॅनमुळे फोन लवकर भरत नाही, हे मात्र दुकानात सहसा सांगितले जात नाही. लॅपटॉपच्या मोठ्या चार्जरमध्ये आकार निम्म्यावर येतो तिथे त्याचा उपयोग आहे. २० वॅटच्या चार्जरवर या अक्षरांसाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

क्षमतेची वाढ : १९९६ मध्ये यूएसबी आले ते संगणकाला कीबोर्ड, माउस, प्रिंटर जोडण्यासाठी. वीजपुरवठा ही त्यातली दुय्यम सोय होती. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने कमाल ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट मिळत. लोक त्यावर फोन चार्ज करू लागले आणि हे अपुरे पडू लागले. २०१० मधील बॅटरी चार्जिंग १.२ या विनिर्देशाने प्रवाह १.५ अँपिअरपर्यंत नेला. खूण साधी होती : चार्जरमध्ये माहितीच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या, म्हणजे समोर संगणक नसून चार्जर आहे हे फोन ओळखतो. ॲपलने त्याच तारांवर ठरावीक दाब ठेवण्याची स्वतःची वेगळी खूण योजली. एका कंपनीचा टॅबलेट दुसरीच्या चार्जरवर रात्रभर रखडायचा, त्याचे मूळ या वेगवेगळ्या खुणांमध्ये होते.

पुढे क्वालकॉमच्या क्विक चार्जने दाबच ९ आणि १२ व्होल्टपर्यंत वाढवला. ओप्पोची वूक आणि वनप्लसची डॅश ही पद्धत उलट दिशेने गेली. दाब ५ व्होल्टच्या आसपास ठेवून प्रवाह ४ अँपिअरपर्यंत न्यायचा. त्यामुळे एकाचा वेगवान चार्जर दुसऱ्याच्या फोनसाठी साधाच ठरे. या गोंधळावर सर्वमान्य होऊ शकेल असा तोडगा म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी. तिची पहिली आवृत्ती २०१२ ची; पण ती रुजली २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी पिनबरोबर. २०२१ च्या ३.१ आवृत्तीने कमाल मर्यादा १०० वॅटवरून २४० वॅटवर नेली.

पीडीचे कामकाज : टाइप-सी केबल जोडताच चार्जर आपल्याकडील पर्यायांची यादी फोनला पाठवतो : ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर वगैरे. फोन त्यातून एक मागतो, चार्जर मान्य करतो आणि मगच दाब वाढवतो. ही बोलणी झाली नाहीत तर चार्जर ५ व्होल्टच्या पुढे जात नाही. पंगतीत वाढप्याच्या बादलीत किती आमटी आहे यावर पानात किती पडणार हे ठरत नाही, तसेच हे. फरक एवढाच की इथे वाढप्याला आग्रह करण्याची मुभा नाही. म्हणून १०० वॅटचा चांगला चार्जर २० वॅटच्या फोनला लावला तर फोन बिघडतो, ही समजूत निराधार आहे. वेगवान चार्जिंगचा बॅटरीवर परिणाम होतो तो उष्णतेमुळे, आणि तो चार्जर मोठा असल्यामुळे नव्हे, तर फोनने स्वतः जास्त वीज मागितल्यामुळे.

पीडीच्या ३.० आवृत्तीत पीपीएस ही भर पडली. ठरावीक पायऱ्यांऐवजी फोन दाब २० मिलिव्होल्टच्या बारीक फरकाने कमी-जास्त मागू शकतो. त्यामुळे दाब उतरवण्याचे फोनमधील काम कमी होते आणि फोन कमी तापतो. सॅमसंगच्या अनेक फोनना २५ किंवा ४५ वॅटचा वेग पीपीएस असेल तरच मिळतो. नुसत्या पीडी चार्जरवर ते चार्ज होतात, पण हळू. सॅमसंग वापरणाऱ्याने वॅटपेक्षा आधी ही तीन अक्षरे शोधावीत. ८० किंवा १२० वॅटचा दावा करणाऱ्या चिनी फोनचा तो आकडा मात्र त्यांच्या स्वतःच्या चार्जरवर आणि बहुधा स्वतःच्या केबलवरच खरा असतो. त्यांचा चार्जर हरवला तर त्याच कंपनीचा घ्यावा किंवा कमी वेगावर समाधान मानावे.

लेबल वाचणे : चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेला मजकूर खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह असतो. 'इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' म्हणजे तो पुण्यात, लंडनमध्ये आणि न्यू जर्सीतही चालतो. परदेशी फक्त पिनेचा आकार बदलणारा जोड लागतो. दाब उतरलेल्या गावातही तो चालतो, तो याच कारणाने. इनपुटपुढचा अँपिअरचा आकडा फोनशी संबंधित नाही; तो भिंतीतून घेतल्या जाणाऱ्या कमाल प्रवाहाचा आहे.

खरे पाहायचे ते आउटपुट. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ ही एकदिश विजेची खूण. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. '५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर' अशी ओळ असेल तर क्षमता अनुक्रमे १५, २७, ४५ आणि ६५ वॅट. यांतला एका वेळी एकच पर्याय चालू असतो. त्यांची बेरीज करायची नसते. ९ व्होल्टवरच थांबणाऱ्या फोनला हा चार्जर ६५ नव्हे, २७ वॅटचाच आहे. उलट, ४५ वॅटच्या काही चार्जरमध्ये २० व्होल्टचा पर्यायच नसतो आणि २० व्होल्ट मागणारा लॅपटॉप त्यावर जागचा हलत नाही. वॅटचा आकडा पुरेसा असूनही चार्जिंग होत नाही, त्याचे हे एक नेहमीचे कारण.

एकापेक्षा जास्त पोर्ट असतील तर लेबलावर 'एकूण' काय लिहिले आहे ते पाहावे. दोन पोर्टचा ६५ वॅटचा चार्जर दोन्ही पोर्ट वापरात असताना ४५ आणि २० अशी वाटणी करू शकतो. दुसरी केबल खुपसताच लॅपटॉपचे चार्जिंग क्षणभर तुटते, तेही वाटणी नव्याने ठरत असल्यामुळे. तो बिघाड नव्हे.

बॅटरीवरचा मिलिअँपिअर-तास आणि चार्जरवरचा वॅट यांची सांगड घालताना बॅटरीचा दाब धरावा लागतो. ५००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८५ व्होल्टची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास ऊर्जा. ६५ वॅटने ती कागदावर अठरा मिनिटांत भरावी. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो. लिथियम-आयन बॅटरी सुरुवातीला मोठा प्रवाह घेते आणि भरत आली की प्रवाह उतरवत नेते. जाहिरातीतला वेग पहिल्या काही मिनिटांचा असतो.

केबल : चांगला चार्जर घेऊन केबल रस्त्यावरची घेण्याची चूक सर्रास होते. समजा, बारीक तारांच्या केबलचा जाता-येता मिळून रोध ०.२ ओहम आहे. ५ व्होल्ट ३ अँपिअरवर तिच्यात ०.६ व्होल्ट गळतात आणि १.८ वॅटची उष्णता होते. तेच १५ वॅट २० व्होल्टवर नेले तर प्रवाह ०.७५ अँपिअर आणि नुकसान ०.११ वॅट. पीडीत दाब वाढवण्याची युक्ती का वापरली, ते या हिशेबातून कळते. सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात आपली क्षमता सांगणारी चिप असावी लागते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० वॅटवर अडतो. प्रमाणित सी-टू-सी केबलवर आता ६० किंवा २४० वॅटची खूण असते.

काही ट्रिमर, नेकबँड, छोटे दिवे टाइप-सी पिनेचे असूनही सी-टू-सी केबलवर चार्ज होत नाहीत, एका टोकाला जुनी रुंद टाइप-ए पिन असलेल्या ए-टू-सी केबलवर मात्र होतात. दोष चार्जरचा नसतो. 'मी वीज घेणारा आहे' हे सांगण्यासाठी उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रोधक लागतात. स्वस्त उपकरणांत ते वगळलेले असतात. समोर कोणी आहे हेच चार्जरला कळत नाही, म्हणून तो वीज सोडत नाही. अशा उपकरणांसाठी घरात एक ए पोर्टचा चार्जर ठेवणे शहाणपणाचे.

वीजखर्च : वरील १९ वॅट-तासांची बॅटरी भरण्यासाठी, नुकसान धरून, भिंतीतून साधारण २५ वॅट-तास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस वेळा फोन भरतो. फोन न लावता सॉकेटमध्ये राहिलेला चार्जर ०.१ वॅट घेत असेल तर वर्षभरात एक युनिटही जळत नाही. बिलासाठी बटण बंद करण्याचा आग्रह व्यर्थ आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडताना बंद करावे, ते वेगळ्या कारणासाठी.

निवड : घरातील सर्वांत जास्त वीज मागणारे उपकरण आधी पाहावे. इअरबड्स आणि घड्याळांना ५ वॅट पुरे. आयफोन आणि बहुतेक फोनना २० ते ३० वॅटचा पीडी चार्जर, शक्यतो पीपीएससह. पातळ लॅपटॉप ४५ ते ६५ वॅटवर चालतात. गेमिंगच्या लॅपटॉपला सोबत आलेलाच चार्जर लागतो. फोन आणि लॅपटॉप दोन्ही असलेल्या घरात दोन सी पोर्ट, पीपीएस आणि २० व्होल्टचा पर्याय असलेला ६५ वॅटचा एक चार्जर बहुतेक गरजा भागवतो. स्विचबोर्डमध्येच बसवलेले यूएसबी पोर्ट साध्या वेगाचे असतात, आणि बिघडले तर वायरमनला बोलवावे लागते.

कंपन्यांचा आणि नियमांचा कलही सर्व उपकरणांना एकच चार्जर चालावा याच बाजूला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून ॲपलने खोक्यातला चार्जर काढून टाकला आणि इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनना टाइप-सी सक्तीचे केले. तारेने १५ वॅटपेक्षा जास्त वेगाने चार्ज होणाऱ्या उपकरणांना पीडीही समजली पाहिजे, असा त्यात दंडक आहे. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६ ची ठरली. भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले आहे.

सुरक्षितता : धातूच्या अंगाचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असताना हाताला हलक्या झिणझिण्या येतात. विद्युतगोंगाट दाबण्यासाठी रोहित्राच्या दोन बाजूंमध्ये एक खास धारित्र असते, त्यातून झिरपणारा अत्यल्प प्रवाह तो. मर्यादेत असेल तर धोका नाही. नकली चार्जरमध्ये मात्र त्या जागी साधे धारित्र असते, रोहित्राच्या वेटोळ्यांमधले वेष्टन वाचवलेले असते आणि २३० व्होल्टची बाजू फोनच्या बाजूपासून जेमतेम अंतरावर असते. त्यातले काही फुटले की घरची वीज थेट फोनच्या अंगावर येते. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटला तर घरातला दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. अशा वेळी चांगला चार्जरही जळतो, पण तो जळून फोन वाचवतो. चौकोनात चौकोन ही खूण दुहेरी निरोधनाची आहे. अशा चार्जरला अर्थिंगची पिन लागत नाही.

मोबाइल आणि लॅपटॉपचे ॲडॉप्टर भारतात सक्तीच्या नोंदणीत येतात. अस्सल चार्जरवर मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' या रोमन अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन सेल, पैसे देण्याआधी हा क्रमांक तपासावा, आणि क्रमांकच नसेल तर तो चार्जर फुकट मिळाला तरी सॉकेटमध्ये लावू नये.