भूमीखालचे आकाश : मॉस्कोच्या मायाकोव्स्काया स्थानकाची कथा

१/ १६ ऑक्टोबर १९४१. मॉस्कोची भूमिगत रेल्वे त्या सकाळी सुरूच झाली नाही. स्थानकांची दारे बंद होती. जर्मन फौजा राजधानीकडे सरकत होत्या आणि मेट्रो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती उद्ध्वस्त करण्याचा आदेश निघाला होता.

२/ संध्याकाळपर्यंत आदेश फिरला व गाड्या पुन्हा धावू लागल्या. त्या एका दिवसात जे कायमचे नष्ट होऊ शकले असते, त्यात जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेले एक विलक्षण स्थानक होते : मायाकोव्स्काया.

३/ मॉस्को मेट्रोचा पहिला टप्पा १५ मे १९३५ रोजी खुला झाला. मायाकोव्स्काया दुसऱ्या टप्प्यातले. त्याचे उद्घाटन ११ सप्टेंबर १९३८ चे. १९३० साली आत्महत्या केलेल्या व्लादिमीर मायाकोव्स्की या कवीचे नाव वरच्या चौकाला देण्यात आले होते. तेच स्थानकाला मिळाले.

४/ इतक्या खोलीवर वरच्या मातीचा प्रचंड भार पेलावा लागतो. म्हणून तोवरच्या खोल स्थानकांत फलाट आणि मधले दालन यांच्यामध्ये भिंतींसारखे जाड खांब असत. वास्तुरचनाकार अलेक्सेई दुश्किन यांच्या आराखड्यात पोलादी सांगाड्याने हा भार पेलला आणि त्या जागी सडपातळ स्तंभ आले. तीन कमानींचे एकसंध, मोकळे दालन उभे राहिले.

५/ स्तंभांवर आणि कमानींवर स्टेनलेस स्टीलच्या पन्हाळीदार पट्ट्या चढवल्या. त्या मॉस्कोजवळच्या एअरशिप बांधणाऱ्या कारखान्यात तयार झाल्या. स्तंभांच्या कोपऱ्यांत उरल पर्वतातला गुलाबी ऱ्होडोनाइट बसवला. उड्डाणासाठी घडणारा धातू असा पाताळात उतरला.

६/ पण मायाकोव्स्कायाचे खरे वैभव छतात आहे. मधल्या दालनावर लंबवर्तुळाकार घुमटांची रांग आहे आणि प्रत्येक घुमटाच्या कडेला दिव्यांचे कडे. आत एकेक मोझेइक, एकूण ३४. चित्रकार अलेक्सांद्र देयनेका यांनी विषय निवडला तो सोव्हिएत आकाशाच्या चोवीस तासांचा : सकाळ, दुपार, रात्र आणि पुन्हा सकाळ.

७/ प्रत्येक चित्र खालून वर पाहणाऱ्याच्या नजरेने रचलेले आहे. विमानांचे थवे, उतरणारे पॅराशूटधारी, हवेत झेपावलेले खेळाडू, फळांनी लगडलेली फांदी. मान वर करावी आणि डोक्यावरच्या मातीचा विसर पडून जणू खिडकीतून आभाळ दिसावे, ही त्यामागची कल्पना.

८/ या निरभ्र आकाशाखालचा काळ मात्र काळाकुट्ट होता. ही मोझेइक घडत होती तेव्हाच, १९३७-३८ मध्ये, स्तालिनच्या राजवटीने स्वतःच्याच साडेसहा लाखांहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला. ही संख्या सोव्हिएत दप्तरांतलीच आहे. छतावरच्या आनंदी दिवसात त्यांना जागा नव्हती.

९/ देयनेकांची चित्रे रंगीत काचेच्या तुकड्यांत उतरवली लेनिनग्राडच्या व्लादिमीर फ्रोलोव्ह यांच्या कार्यशाळेने. झार दुसरा अलेक्झांडर याची १८८१ मध्ये जिथे हत्या झाली, तिथे उभारलेल्या चर्चच्या मोझेइकांवरही फ्रोलोव्ह यांचा हात फिरला होता. झार गेले, क्रांती आली. कसब तेच राहिले. संतांच्या जागी वैमानिक आले.

१०/ १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत दालनात या स्थानकाचा एक भाग पूर्ण आकारात उभारण्यात आला आणि त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जगाला दाखवण्याजोगे हे भविष्य होते. पण दोनच वर्षांत युद्ध दारात आले.

११/ जुलै १९४१ मध्ये मॉस्कोवर हवाई हल्ले सुरू झाले आणि मेट्रोची स्थानके निवारे झाली. माता मुलांना घेऊन फलाटांवर निजू लागल्या. युद्धकाळात या भुयारांत दोनशेहून अधिक मुले जन्मली. मायाकोव्स्कायात छतावर चितारलेली विमाने होती, आणि वर खऱ्या आकाशात बॉम्ब टाकणारी. ज्या आकाशाचा उत्सव इथे मांडला होता, त्याच आकाशापासून माणसे इथे दडत होती.

१२/ ६ नोव्हेंबर १९४१. जर्मन फौजा शंभर किलोमीटरच्या आत आल्या होत्या. ऑक्टोबर क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा याच दालनात भरली. एका फलाटाशी उभ्या गाडीच्या डब्यांत उपाहाराची सोय होती. दुसऱ्या बाजूने रेल्वेनेच स्तालिन आला. तीन आठवड्यांपूर्वी जी मेट्रो उडवून देण्याची तयारी झाली होती, तिच्याच पोटातून राजधानी लढणार असल्याचा संदेश रेडिओवरून देशभर गेला. दुसऱ्या दिवशी लाल चौकात संचलन झाले आणि सैनिक तिथूनच आघाडीवर रवाना झाले.

१३/ फ्रोलोव्ह तेव्हा वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये होते. उपासमारीतही ते देयनेकांच्याच चित्रांवरून मेट्रोसाठी नवी मोझेइक घडवत राहिले. १९४२ च्या हिवाळ्यात त्याच वेढ्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे काम मात्र लादोगा सरोवरामार्गे बाहेर पडले आणि १९४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच खुल्या झालेल्या नोवोकुझ्नेत्स्काया स्थानकात बसवले गेले.

१४/ २००५ मध्ये मायाकोव्स्कायाला दुसरा दरवाजा मिळाला. त्याच्या छतावर कवीच्या ओळी मोझेइकमध्ये आहेत. जुने घुमट अजूनही तसेच उजळतात. राजवटीने ते आकाश स्वतःच्या गौरवासाठी मागवले होते. ती राजवट गेली. आज त्या घुमटांखाली मान वर करणाऱ्याला दिसतात ते एका उपाशी कारागिराच्या कार्यशाळेत जुळवलेले काचेचे तुकडे.