रोगापूर्वींचें औषध

रोग झाल्यावर औषध घ्यावें, ही मनुष्याची जुनी समजूत. धडधाकट माणसास रोज गोळी घ्यावयास सांगणारा वैद्य कोणासहि विक्षिप्तच वाटेल. परंतु श्रोतेहो, क्षयाच्या बाबतींत नेमकी हीच गोष्ट हितावह ठरली. आणि ती ठरविण्यास मोठें साह्य झालें तें अमेरिकेच्या उत्तर टोंकावरील अलास्कांतल्या खेड्यांचें.

क्षयाचे जंतु शरीरांत शिरले म्हणजे रोग तत्काळ उद्भवतोच असें नाहीं. वर्षानुवर्षें ते निद्रिस्त राहतात आणि संधि सांपडतांच उठाव करतात. हा शत्रु जागा होण्यापूर्वींच त्यास गांठतां येईल काय? १९५२ सालीं आयसोनायझिड हें स्वस्त व पोटांत घेण्याजोगें औषध हातीं आल्यावर या प्रश्नास अर्थ आला.

बेथेल गांवाच्या आसपास, युकॉन व कुस्कोक्विम नद्यांच्या मुखांकडे, युपिक लोकांची वस्ती आहे. १९५० च्या सुमारास तेथें संसर्ग न झालेल्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें २५ जणांना दरसाल नव्यानें संसर्ग होई. घरें लहान, हिवाळा दीर्घ. एक खोकणारा अवघ्या कुटुंबास पुरे. डॉ. जॉर्ज कॉम्स्टॉक यांनीं १९५७ सालीं येथें प्रयोग आरंभिला. २८ खेडीं व २ निवासी शाळा मिळून ७,३३३ माणसें त्यांत सामील झालीं. कांहींना वर्षभर खरी गोळी, तर कांहींना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी देण्यांत आली.

पुढील कांहीं वर्षांच्या पाहणींत, खरें औषध घेणाऱ्यांत क्षयाचें प्रमाण सुमारें ६० टक्क्यांनीं कमी आढळलें. १९ वर्षांनंतरहि तें संरक्षण टिकून होतें.

परंतु हें ज्ञान पोकळ गोळी घेणाऱ्यांच्या खर्चानें मिळालें होतें. त्यांच्यांत अधिक जण आजारी पडले, म्हणूनच फरक कळला. हें ऋण ओळखून कॉम्स्टॉक यांनीं प्रयोगानंतर खरें औषध सर्वांनाच देऊं केलें. स्वतः त्यांनीं व त्यांच्या कुटुंबीयांनींहि तें घेतलें.

भारतांत २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीं रुग्णाच्या घरांतील सर्व वयांच्या माणसांस असा उपचार खुला केला. मात्र प्रत्यक्ष क्षय नाहीं, याची खात्री आधीं करावी लागते. कारण मुरलेल्या रोगावर एकटें औषध दिल्यास जंतु त्यास दाद देईनासे होतात.

तात्पर्य, रुग्णाच्या उशाशीं वैद्याचें काम संपत नाहीं. त्याच्याच छपराखालीं निजणाऱ्या निरोगी माणसांपाशीं तें नव्यानें सुरू होतें.