आकाशातील रसद आणि बंदोबस्त

मोहिमेच्या बखरीत तलवार गाजविणाऱ्यांची नावे ठसठशीत अक्षरांत उतरतात. परंतु ज्या दाणागोट्यावाचून एक मजलही मारता येत नाही, त्याचा हिशेब दप्तरातच पडून राहतो. विद्यार्थ्यांनी घडविलेल्या लघु उपग्रहांचा वृत्तान्त वाचतानाही हाच पक्षपात घडतो. वस्तुतः तेथे खरी कसोटी लागते ती कोठीची.

याचा पूर्वपाठ हौशी मंडळींनीच घालून दिला होता. डिसेंबर १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील हौशी रेडिओप्रेमींनी बांधलेला, सुमारे साडेचार किलोग्रॅमचा 'ऑस्कर-१' कक्षेत गेला, तेव्हा सूर्यप्रकाशातून वीज मिळविण्याची तजवीज त्यात नव्हती. साहजिकच शिदोरी संपताच, सुमारे तीन आठवड्यांत, तो मुका झाला. पुढे १९९९ साली जोर्डी पुइग-सुआरी व बॉब ट्विग्ज या अमेरिकन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकृतीचे माप ठरविले आणि कोठीचा प्रश्न अधिकच बिकट झाला. कारण एवढ्याशा पृष्ठभागावरील सौरघटांचे उत्पन्न काही वॅटांचेच, आणि सुमारे दीड तासाच्या प्रदक्षिणेत अर्ध्या तासाहून अधिक काळ बहुधा पृथ्वीच्या छायेत जाणार. जमाखर्च तोंडमिळवणीचा ठेवावा, छायेतील बेगमी आधी बाजूला काढावी, आणि संदेशप्रक्षेपकासारख्या उधळ्या खात्याला बोलण्याची मुभा बेताने द्यावी, हेच तेथील कारभाऱ्याचे कर्तव्य.

सरकारी बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याच्या हेतूने १८५४ साली पुण्यात निघालेल्या शाळेतून वाढलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, या कर्तव्याचा एक नमुनेदार धडा गिरविला गेला. तेथील विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी सिद्ध केलेला, सुमारे एक किलोग्रॅमचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून, इतर एकोणीस उपग्रहांसह, अवकाशात गेला. एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोचविणे हे या जासुदाचे काम. परंतु जासूद गरगरत राहिला तर निरोप पोचायचा कसा? त्याला आवरण्यासाठी वीज खावी, तर निरोपाच्या वाट्याला काय उरणार?

तेव्हा विजेचा एक कणही न मागणारा कायम चुंबक आत बसविण्यात आला, जो होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी समांतर होऊ पाहतो. आणि त्याच्या जोडीला अशा सळ्या दिल्या, ज्यांचे चुंबकत्व दिशा पालटताना किंचित रेंगाळते व त्या रेंगाळण्यातच डोलण्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरते. सळ्यांना लेशमात्र ऊब येते, डोलणे हळूहळू थांबते, आणि जमाखर्चाच्या वहीत त्याची एक ओळही पडत नाही.